घरातले फर्मान आणि घरातला कायदा

राज्य चांगले की वाईट याची परीक्षा ते किती कायदे करते यावरून होत नाही. कायदा करणारा स्वतः त्या कायद्याखाली नांदतो की नाही, यावरून होते. ही कसोटी राज्यकर्त्यांना लावण्याची सवय आपल्या लोकांना गेल्या शंभर वर्षांत बऱ्यापैकी लागली आहे. परंतु तीच कसोटी स्वतःच्या घराला लावून पाहण्याचे धैर्य आपल्यापैकी फार थोड्यांना झाले असेल. आजचा आमचा विषय दिसावयास लहान आहे. संध्याकाळी घरातील मुलांच्या हाती मोबाईल असावा की नसावा, असला तर किती वेळ असावा, आणि काढून घ्यावयाचा झाल्यास तो कोणी व कसा काढून घ्यावा, हा तो विषय होय. पण वसमतेपासून सेनगावापर्यंत आणि औंढ्यापासून कळमनुरीपर्यंत या एका प्रश्नावरून ज्या घरात आठवड्यातून एकदा तरी भांडण होत नाही, असे घर शोधूनच काढावे लागेल. तेव्हा विषय लहान म्हणून टाळण्याजोगा नाही. आणि त्याच्या पोटात जो मोठा विषय दडलेला आहे, तो तर मुळीच टाळण्याजोगा नाही.

पैनगंगेच्या पलीकडे, आपल्या जिल्ह्याला लागूनच, यवतमाळ जिल्ह्याचा पुसद तालुका आहे. त्या तालुक्यातील बान्सी या गावाच्या ग्रामसभेने सन २०२२ च्या नोव्हेंबरात असा ठराव केला की, गावातील अठरा वर्षांखालील मुलांनी मोबाईल वापरू नये. त्याच वर्षी, बान्सीच्या काही महिने आधी, सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाने निराळी वाट धरली होती. तेथे असे ठरले की, रोज सायंकाळी सात वाजता भैरवनाथाच्या देवळावरील भोंगा वाजावा, तो वाजताच घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद व्हावेत, मुलांनी अभ्यासास बसावे, आणि साडेआठ वाजता दुसरा भोंगा होईपर्यंत हा नेम लहानथोर सर्वांनी पाळावा. आरंभी लोकांच्या अंगवळणी हे पडेना. तेव्हा आशासेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, आणि त्यांनी लोकांची समजूत घातली.

दोन्ही गावांचा हेतू निर्मळ होता आणि मुलांच्या हिताची कळकळ दोन्हीकडे सारखीच होती. स्वतःच्या मुलांसाठी गावाने एकत्र बसून काही ठरवावे, हीच गोष्ट मुळात स्तुत्य होय. तथापि या दोन ठरावांत तत्त्वाचे जे अंतर आहे, त्याकडे आमच्या वाचकांनी बारकाईने पाहावे, अशी आमची विनंती आहे. पहिला ठराव मुलांवर आहे. दुसरा गावावर आहे. पहिल्यात ठराव करणारे ठरावाच्या बाहेर उभे आहेत. दुसऱ्यात ते त्याच्या आत आहेत. घर चालविणाऱ्या मनुष्याने यातून कोणते तत्त्व उचलावे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. दुसरे उचलावे.

हा भेद आम्हा मराठवाड्याच्या लोकांना इतरांपेक्षा अधिक लवकर कळावयास पाहिजे. हिंगोलीचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. देशाचा मोठा भाग १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला, त्यानंतरही तेरा महिने येथील प्रजा फर्मानाखाली राहिली. फर्मान आणि कायदा यांत अंतर ते कोणते? फर्मानही लिहिलेले असते, त्यावरही मोहोर असते, आणि ते मोडणाऱ्यालाही शिक्षा होते. अंतर एवढेच की, फर्मान काढणाऱ्यावर त्याचे फर्मान चालत नाही. कायदा मात्र तो करणाऱ्यालाही बांधून ठेवतो. याच एका अंतरापायी आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने तुरुंग भोगले आणि घरादाराची राखरांगोळी सोसली. राज्यातले फर्मान गेले. २६ जानेवारी १९५० पासून येथेही संविधानाचा अंमल सुरू झाला. पण घरात? ज्या घरी ‘मोबाईल खाली ठेव’ ही आज्ञा बापाच्या तोंडून निघते आणि ती उच्चारताना बापाची नजर स्वतःच्याच मोबाईलवर खिळलेली असते, त्या घरी अंमल कायद्याचा म्हणावा की फर्मानाचा? मूल तोंडाने काही म्हणत नाही; पण साक्षीदाराची उलटतपासणी घेणाऱ्या वकिलापेक्षाही ते अधिक नीट पाहत असते. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

हेही विसरता कामा नये की, मोबाईल मुलांनी चोरून आणलेला नाही. तो आपण त्यांच्या हाती दिला. सन २०२० च्या मार्चात साथीमुळे शाळा बंद झाल्या, आणि पुढे दीर्घ काळ शाळा म्हणजे मोबाईल असेच समीकरण झाले. ज्याला परवडत नव्हते त्यानेही उसनवार करून पोरासाठी तो घेतला. ते त्या वेळी योग्यच होते. परंतु शाळा उघडल्यावर फळा परत आला, खडू परत आला, मोबाईल मात्र माघारी गेला नाही. त्याहून लहान मुलांची गोष्ट निराळी. दीड वर्षाचे मूल रडू लागले की त्याच्या हाती पडदा देऊन मोकळे होण्याची रीत शाळेने लावली नाही. ती आपल्या आळसाने लावली. जागतिक आरोग्य संघटनेने सन २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांविषयी जी मार्गदर्शक सूत्रे काढली, त्यांत दोन वर्षांच्या आतील मुलास पडद्यापुढे बसवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसाकाठी एक तासाहून अधिक बसवू नये, जितके कमी तितके बरे, असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्या घरच्या नातवाचा हिशेब याच्याशी ताडून पाहावा, म्हणजे आम्ही अधिक सांगण्याची गरज उरणार नाही.

सरकारने काही करावे, अशी मागणी आता सर्वत्र होत आहे, आणि सरकारे स्वस्थ बसलेली नाहीत. ऑस्ट्रेलियाने सन २०२५ च्या डिसेंबरापासून सोळा वर्षांखालील मुलांस समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. आपल्या संसदेने त्याच वर्षी ऑगस्टात पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा केला. करारविषयक जुना कायदा सन १८७२ चा. त्याप्रमाणे अज्ञान मुलाला करार करण्याची पात्रताच नाही. आणि तरीही आमची दहा वर्षांची मुले कोणत्याशा खेळाच्या दहा पानी अटींखाली ‘मान्य आहे’ या शब्दांवर दिवसातून चार वेळा बोट ठेवीत असतात! कायदे हवेत, आणि कंपन्यांना जाब विचारणारे कडक कायदे हवेत, याबद्दल वाद नाही. पण शिपाई काही प्रत्येक घराच्या पाटापाशी येऊन बसणार नाही. ते काम घरच्यांचेच आहे.

तर ते कसे करावे? वडील म्हणून आणि वकील म्हणून जे पाहिले, त्यावरून पाच गोष्टी सुचवितो. आमच्या घरी त्या काही वर्षे चालू आहेत. म्हणून त्यांना कोरडे पांडित्य समजून कोणी बाजूस सारू नये.

पहिली गोष्ट वेळेची. वडगावने सातची वेळ धरली म्हणून आपणही सातचीच धरावी, असे नाही. वडगावचे घर शेतकऱ्याचे आहे. मोंढ्यातील अडत्याचे किंवा कापडवाल्याचे घर साडेआठ-नऊशिवाय एकत्र येत नाही. ज्याने त्याने आपल्या धंद्याची चाल पाहून रोजचा एक तास ठरवावा; नऊ ते दहा ठरवावा, किंवा ज्यांना रात्र जमत नाही त्यांनी सकाळी सहा ते सात ठरवावा. तास एकच असू द्या, पण तो मोडू देऊ नका. चैत्र-वैशाखात नवी हळद येऊ लागली की संत नामदेव मार्केट यार्डात मध्यरात्रीपर्यंत गाड्या लागतात, आणि त्या दिवसांत अडत्याने घरी वेळेवर यावे असे म्हणणे व्यर्थ होय. मग त्याने हंगाम सुरू होण्यापूर्वीच घरच्यांना सांगावे की, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आपला तास सकाळचा राहील. आधी सांगितलेला अपवाद हा नियमाचाच भाग असतो; वेळेवर काढलेला अपवाद ही पळवाट असते. कायद्याच्या धंद्यात हा फरक आम्ही रोज पाहतो, आणि मुलांना तो आमच्याइतकाच कळतो.

दुसरी गोष्ट जागेची. घरातील सर्व मोबाईल त्या तासापुरते एका ठिकाणी ठेवावेत. कोनाडा असो, फडताळ असो, की पत्र्याचा डबा असो. ठिकाण सर्वांना दिसेल असे असावे. आणि त्यात पहिला मोबाईल घरधन्याचा पडावा. मुलांचे आधी गोळा करून मग स्वतःचा सावकाश ठेवणारा बाप आपल्या नियमाची अर्धी किंमत तेथेच घालवितो. माल घेऊन निघालेली गाडी वाटेत आहे, किंवा कोणी नातलग दवाखान्यात आहे, अशा वेळी घंटी चालू ठेवावी. ती वाजली तर उठून, उभ्या-उभ्या बोलावे आणि मोबाईल पुन्हा डब्यात टाकावा. टीव्हीलाही हाच नियम. आजीची मालिका आणि आजोबांच्या बातम्या यांना सवलत दिली, की नातवंडांना उत्तर देणे कठीण जाते.

तिसरी गोष्ट, त्या तासात करावयाचे काय? भांडे रिकामे ठेवले तर त्यात धूळ बसते. नुसता मोबाईल काढून घेऊन मुलाला भिंतीकडे तोंड करून बसविले, तर त्याला तो तास शिक्षेचा वाटेल. एकत्र जेवावे. ज्याचा अभ्यास आहे त्याने माजघरात सर्वांमध्ये बसून करावा. सातवी-आठवीतील मुलामुलींकडे घरच्या आठवड्याच्या खर्चाची वही द्यावी. दूध किती, किराणा किती, विजेचे बिल किती, पाहुण्यांवर किती, हे त्यांनी लिहावे आणि बेरीज वाचून दाखवावी. ज्या व्यापाऱ्याचा रोजमेळ रोजच्या रोज लागतो, त्याच्या घरच्या पोराला मात्र घर कशावर चालते याची गंधवार्ता नसावी, हे नवल नव्हे काय? ज्या मुलाने महिन्याची बेरीज एकदा स्वतः केली, ते नव्या बुटांसाठी हट्ट धरताना दोनदा विचार करते.

परंतु याच ठिकाणी एक धोका आहे, आणि तो आमच्या सुधारक म्हणविणाऱ्या मित्रांनाही नेहमी दिसतो असे नाही. तो असा की, हा एकत्र बसण्याचा तास घरातील बायकांसाठी वाढप्याचा तास होऊन बसतो. बाप गोष्टी सांगतो, मुलगा हसतो, आणि आई व मुलगी गरम पोळ्या आणीत राहतात. मुलीने उठावे आणि मुलाने बसावे, हेदेखील एक फर्मानच आहे. ते कोणी लिहिले नाही म्हणून ते कमी जाचक ठरत नाही. तास खरा व्हावयाचा असेल तर स्वयंपाक आधी आटोपावा, सर्व भांडी मध्ये मांडावीत, ज्याने त्याने वाढून घ्यावे, आणि उष्टी काढण्याची पाळी मुलगा-मुलगी, बाप-आई अशी फिरती असावी. ज्या तासात घरची बाई टेकून बसली नाही, तो तास भरला असे समजू नये.

चौथी गोष्ट दंडाची. नियम मोडेल त्याला दंड काय, हे आधीच ठरलेले असावे, तो हलका असावा, आणि थोरांना व लहानांना एकच असावा. ज्याने तासात मोबाईल उचलला, त्याने त्या दिवशी भांडी विसळावीत, इतके पुरे. मारहाण करू नये. मोबाईल हिसकावून आपटू नये. पाहुण्यांपुढे, भावंडांपुढे मुलाची शोभा करू नये. शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा देण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास शिक्षणहक्काच्या सन २००९ च्या कायद्याने मनाई केलेली आहे. जी गोष्ट मास्तरांना मना आहे, ती बापाला मोकळी असावी, याला कायद्याच्या पुस्तकात वाटले तर आधार काढता येईल. पण शहाणपणाच्या पुस्तकात कोठेही निघणार नाही.

पाचवी आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट तक्रारीची. आठवड्यातून एक दिवस, रविवारी म्हणा की बाजाराच्या दिवशी म्हणा, त्या तासात घरातील लहानात लहान माणसाला मोठ्यात मोठ्याविरुद्ध तक्रार मांडण्याची मुभा असावी, आणि ती शेवटपर्यंत ऐकून घेतली जावी. तक्रार मान्य करावीच असे नाही. पण मान्य न केल्यास कारण सांगितले पाहिजे. मुलाला त्याच्यासंबंधीच्या गोष्टीत आपले म्हणणे मांडता आले पाहिजे, हे तत्त्व बालहक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय करारात लिहिले आहे, त्यात आपला देश सन १९९२ मध्येच सामील झाला. आमच्या घरी धाकट्याने अशाच एका रविवारी म्हणणे मांडले की, तास जेवणाआधी सुरू होतो म्हणून अभ्यास अर्धवट राहतो. म्हणणे रास्त होते. तास अर्ध्या घटकेने पुढे गेला. नियम मोडून जे मिळाले नसते, ते विनंती करून मिळाले, हे त्या मुलाने पाहिले. नागरिकत्वाचा याहून चांगला धडा कोणत्या पुस्तकातून देता येईल, हे आम्हास ठाऊक नाही.

कोणी म्हणेल, हे परकीयांचे खूळ आहे. आपल्या परंपरेत लहानांनी मोठ्यांपुढे तोंड उघडावयाचे नसते. त्यांनी कयाधूकाठच्या नरसी गावाची आठवण करावी. ज्या संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून नरसीला आपण वंदन करितो, आणि ज्यांचे नाव आपल्या हळदीच्या बाजारास दिले आहे, त्यांचे घर शिंप्याचे होते. त्या घरात परंपरेने चौदा माणसे सांगितली जातात, आणि त्यांतील अनेकांच्या नावे अभंग आहेत. आई गोणाई, पत्नी राजाई, मुलगे, सुना, लेक, आणि घरची दासी जनाबाई, यांतील एकाचाही आवाज बुजला नाही. त्याहून विशेष हे की, नामदेव प्रपंचाकडे पाहत नाहीत, घरात दाणा नाही, अशी गोणाईची आणि राजाईची तक्रारही त्या अभंगांत जशीच्या तशी राहिली आहे. घरच्या कर्त्याविरुद्ध केलेले गाऱ्हाणे सातशे वर्षे त्याच्याच नावाने चालत आलेल्या गाथेत जपून ठेवले जाते, आणि त्यामुळे त्या कर्त्याचा मोठेपणा तिळभरही कमी होत नाही! दासीलाही शब्द असलेले हे घर आपल्याच जिल्ह्याच्या मातीत रुजलेल्या परंपरेचे आहे. ते बाहेरून आणावे लागत नाही.

आता ज्यासाठी हा विषय आम्ही मुख्यतः हाती घेतला, त्याकडे वळू. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीची कल्पना करा. तिच्या मोबाईलवर कोणी अनोळखी पुरुष गोड बोलून ओळख वाढवितो, तिच्याकडून एखादे छायाचित्र मागून घेतो, आणि मग ते गावभर करण्याची धमकी देतो. अशा वेळी मुलीने घरी सांगावे, हे उघड आहे. पण ती काय हिशेब करते ते पाहा. सांगितले तर आधी मार बसेल. मग मोबाईल जाईल. मग शाळा सुटेल. आणि मग चार महिन्यांत स्थळ पाहून आपल्याला उजवून टाकतील. हा हिशेब खोटा आहे, असे छातीला हात लावून किती बापांना म्हणता येईल? म्हणून ती गप्प बसते. आणि धमकी देणाऱ्याचे सारे भांडवल म्हणजे तिचे ते गप्प बसणेच होय. ज्या घरी फर्मान चालते त्या घरी मुलगी बापाला भिते, आणि त्या भीतीचा फायदा परका मनुष्य उपटतो. जेथे आठवड्यातून एकदा तक्रार ऐकली जाते, तेथे निदान तोंड उघडण्याची वाट तिला ठाऊक असते.

हे आम्ही तर्काने बोलत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या सन २०१९ ते २०२१ च्या फेरीत वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी ज्यांचे लग्न अठराच्या आत झाले होते, त्यांचे प्रमाण महाराष्ट्रात शेकडा सुमारे २२ निघाले. परभणी जिल्ह्यात, ज्याचा आपला जिल्हा १ मे १९९९ पर्यंत भाग होता, ते शेकडा सुमारे ४८ निघाले. म्हणजे जवळजवळ निम्मे! यामागे दारिद्र्य आहे, ऊसतोडीचे स्थलांतर आहे, हुंडा आहे. आणि ‘पोरीचे काही भलतेसलते होण्याआधी मोकळे व्हावे’ ही आईबापांची भीतीही आहे. मोबाईलने ही भीती वाढविली. पण भीतीचे औषध लग्न नव्हे. बालविवाह प्रतिबंधाच्या सन २००६ च्या कायद्याप्रमाणे असे लग्न करणाऱ्या वयस्क नवऱ्याला, ते लावणाऱ्याला आणि त्याला हातभार लावणाऱ्या बापालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरीची आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची शिक्षा सांगितली आहे. मुलीला कोणी छळत असेल तर छळणाऱ्याविरुद्ध सन २०१२ चा बालकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा उभा आहे. मदतीसाठी मुलांकरिता १०९८ आणि ऑनलाइन फसवणुकीकरिता १९३० हे क्रमांक आहेत. ते घरातील दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत. आणि मुलीला आजच, काही घडण्यापूर्वीच, एवढे एक वाक्य सांगून ठेवावे की, ‘तू मला काहीही सांगितलेस तरी तुझी शाळा बंद होणार नाही.’ हे वाक्य नुसते बोलून भागत नाही; ते पाळणारा बाप तिने आधी लहान गोष्टींत पाहिलेला असावा लागतो. एका तासाचा लहानसा नेम स्वतःवर घेण्याचे खरे प्रयोजन हेच आहे. मोठ्या संकटात मुलाने आपल्यावर विसंबावे असे वाटत असेल, तर लहान नियमांत आपण विसंबण्याजोगे आहो हे रोज दिसले पाहिजे.

यावर आक्षेप येतीलच. व्यापारी म्हणेल, ‘माझा मोबाईल हेच माझे दुकान, भाव त्यावर येतात, पैसे त्यावर येतात, तो तासभर बंद ठेवला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दारी जाईल.’ आम्ही विचारतो, स्नानाच्या वेळी, देवदर्शनाच्या वेळी, मयतीच्या वेळी गिऱ्हाईक थांबत नाही काय? रात्री दहा वाजता कळलेला हळदीचा भाव सकाळच्या लिलावापर्यंत काही मोडून खाता येत नाही. आणि याच ओघात आणखी एक गोष्ट व्यापारी बंधूंना सांगावीशी वाटते. आपण रात्री साडेनऊला मुनिमाला किंवा दुकानातल्या पोऱ्याला फोन करून किल्ली कोठे ठेवली ते विचारतो, तेव्हा त्याच्या घरचा तास आपण मोडीत असतो. त्यालाही मुले आहेत. आपल्या घरचा नेम पाळावयाचा आणि नोकराच्या घरचा मोडावयाचा, हा व्यवहार सचोटीचा नव्हे.

दुसरा आक्षेप अधिकाराचा. बापाने स्वतःवर दंड बसवून घेतला तर त्याचा दरारा राहील काय? आमचा अनुभव उलट आहे. भाऊबंदकीची आणि बाप-लेकांची प्रकरणे आमच्याकडे येतात, तेव्हा कागदावर वाद जमिनीचा असतो, सामाईक भिंतीचा असतो, दुकानाच्या पागडीचा असतो; पण पक्षकार मन मोकळे करू लागला की बहुतेक वेळा मुळाशी एकच वाक्य सापडते: ‘आम्हाला कधी कोणी विचारलेच नाही.’ ज्यांनी चाळीस वर्षे दरारा राखला, त्यांच्याच पश्चात घरे सर्वांत लवकर फुटलेली आम्ही पाहिली आहेत. दराऱ्याचे घर दरारा करणारा असेपर्यंत टिकते. नियमाचे घर त्याच्या मागेही टिकते.

तिसरा आक्षेप असा की, मोबाईलशिवाय आताचा अभ्यासच होत नाही. होत नसेल तर मोबाईल अवश्य द्यावा. पण कोणता विषय, किती वेळ, आणि सर्वांच्या देखत, हे ठरवून द्यावा. गच्चीवर, पांघरुणात, रात्री अकरानंतर होतो तो अभ्यास नव्हे, हे सांगावयास शिक्षणतज्ज्ञ लागत नाही. आणि एक तास सोडला तर उरलेले तेवीस तास अभ्यासाला मोकळेच आहेत!

हे सर्व करण्यासाठी हिंगोलीच्या कोणत्याही देवळावर भोंगा बसण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ग्रामसभेने ठराव केला तर उत्तमच. नगरपालिकेने मनावर घेतले तर त्याहून उत्तम. पण ज्या सुधारणेला कोणाच्या सहीची जरुरी नाही, ती लांबणीवर टाकणे हे आळसाचे लक्षण होय. आम्ही सुचवितो ते एवढेच: येत्या रविवारी घरातील सर्वांना बसवावे, वेळ कोणती ते सर्वांच्या मते ठरवावे, दंड कोणता ते मुलांकडूनच सुचवून घ्यावे, हे सारे एका कागदावर लिहून सर्वांनी त्याखाली सह्या कराव्यात, आणि पहिली सही घरधन्याने करावी. महिनाभर नेम चालल्यावर तो कागद पुन्हा काढावा, जे चुकले असेल ते दुरुस्त करावे, आणि पुढे चालावे. राष्ट्राच्या स्वराज्यासाठी आपल्या वडीलधाऱ्यांनी जे दिले, त्याच्या मानाने घरच्या स्वराज्यासाठी आपल्याकडून रोजचा एक तास मागितला जात आहे. तो देण्यास आमचे वाचक कचरणार नाहीत, अशी उमेद बाळगून हा लेख येथे पुरा करितो.